तुम्ही स्वतः कुठे जेवता?

हॉटेलच्या काचेच्या दाराशी, कोटाची बटणं लावता लावता परदेशी पाहुण्या बिर्गितबाईंनी विचारलं. छत्री आणली का, असं विचारावं इतक्या सहज. "इतके दिवस तुम्ही आम्हाला एकाहून एक ठिकाणी नेलंत. आज शनिवार, आज काम नाही. आज तिथे न्या, जिथे तुम्ही स्वतः जेवता." तिहोमिरने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याच्या तोंडात उत्तरं नेहमी तयार असत. बाहेर कोशावा सुटला होता, मार्चमधला तो कोरडा वारा, बेलग्रेडच्या रस्त्यांवरून कागद पळवत नेणारा आणि माणसाच्या मनातलं नको ते उकरून वर आणणारा. दार उघडलं की तो आत येई, मिटलं की बाहेर थांबे. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि तिहोमिर आपला तोंड अर्धवट उघडं ठेवून उभाच. बिर्गितबाईंबरोबरचा तरुण हेंड्रिक हसून म्हणाला, "एवढं गुपित आहे का?"

शहरात कुठे जेवावं ते तिहोमिरला विचारावं, असं त्याच्या कचेरीत सगळे म्हणत. गोठवलेल्या रासबेरी परदेशी पाठवणारी ती कंपनी. माल बर्फात दाखवायचा आणि सौदा गरम ताटावर ठरवायचा, हा तिथला रिवाज, आणि ताटाची बाजू तिहोमिरची. सावा नदीच्या काठी काचेच्या भिंतीलगतचं कुठलं टेबल उन्हं कलताना मागावं, झेमुनला ताजा मासा कोण देतो आणि कोण नुसता ताजा म्हणतो, म्हाताऱ्या बोस्नियनाचे कोळशावरचे कबाब कुणाच्या पोटाला सोसतील, हंगेरीच्या पाहुण्यापुढे हंगेरियन रस्सा का ठेवू नये, सगळं त्याला पाठ. ग्रीक, तुर्की, जपानी, लेबनीज. साऱ्या शहराच्या चुली त्याच्या खिशात. आणि स्वतः? स्वतः तो घरी उभ्याउभ्याच काहीतरी तोंडात टाकी, फ्रिजच्या पिवळ्या उजेडात, डब्यातून थेट. बायको लेकीकडे ग्राझला गेली ती नातवाचं करता करता तिकडचीच झाली. पाहुण्यांच्या टेबलावर तो जेवे खरा, पण तिथे घासापेक्षा शब्द जास्त. मी जेवतो कुठे? प्रश्न साधा होता, पण तळहातात बारीक कुसळ शिरावं तसा तो आत शिरला, आणि ते काढायच्या घाईत त्याच्या तोंडून निघून गेलं, "वाकडा अक्रोड. चुबुरामध्ये. तिथे परदेशी कुणी येत नाही."

टॅक्सीत बसल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते. चुबुराचा चढ लागला, जुनी बुटकी घरं लागली, दोन्ही बाजूंची लिंडनची झाडं अजून उघडीनागडी होती. या चढावर ग्रादिमिर ट्राम चालवायचा. ग्रादिमिर त्याचा कूम. कूम म्हणजे लग्नात पाठीशी उभा राहिलेला, लेकीला चर्चमध्ये कुशीत धरून तिचं नाव ठेवलेला. रक्ताचा नव्हे, पण रक्तालाही ज्याच्यापुढे उठून उभं राहावं लागतं असा. कालिना हे नाव ग्रादिमिरनेच ठेवलं. "चढावर सुचलं," म्हणाला होता, "ट्राम कण्हत होती आणि मला एकदम कालिनाच्या झुडपावरच्या लाल फळांचा घोस दिसला. लेकरू असंच लाल होऊन रडतंय." दर शनिवारी दोघं वाकड्या अक्रोडात बसत. मग तिहोमिर नदीपलीकडे राहायला गेला, मग पाहुणे आले, मग शनिवारही पाहुण्यांचे झाले. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता तरी येतं. इथे काही झालंच नव्हतं. पुढच्या शनिवारी, तो म्हणे. पुढच्या शनिवारी येतो कूम, नक्की. आणि शनिवार येत, पाखरांसारखे डोक्यावरून जात, एकही खाली उतरत नसे.

हिवाळ्याच्या शेवटी ट्रामच्या थांब्यापाशी एका खोडाला चिकटवलेला काळ्या किनारीचा कागद त्याने पाहिला. फोटोत ग्रादिमिर, ट्रामवाल्याच्या टोपीत, हसू दाबून धरलेला. खाली दफनाचा वार आणि वेळ. तिहोमिरने तो कागद वाचला, आणि चालता चालता आपण तो वाचलाच नाही असं ठरवून टाकलं. दफनाच्या दिवशी ल्योंचे खरेदीदार होते. ग्रादिमिरला मातीत उतरवत असतील त्या घटकेला तो सावाकाठी पावावर घट्ट साय पसरून दाखवत होता, ही अशी लावायची, सुरी आडवी धरून, आणि टेबलावरचे सगळे माना डोलावत होते. नंतर जाईन, त्याने मनाशी म्हटलं होतं. त्याच्या बायकोला, देसांकाला भेटून येईन. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तर जाईनच, चाळिसाव्याला कुणी बोलवावं लागत नाही, ज्याला यायचं तो येतो आणि मृताच्या नावाने जेवतो. पण चाळिसावा कधी ते त्याने मोजलं नाही. रासबेरीच्या पेट्या झोपेतही मोजणाऱ्या माणसाने एवढंच मोजलं नाही.

काफानाचं, त्या जुन्या खाणावळीचं, दार तसंच होतं, खाली लाथा बसून बसून रंग उडालेलं. आत चौकड्यांचे टेबलक्लॉथ, तळलेल्या कांद्याचा वास, कोपऱ्यात शेगडी. म्हातारा वाढपी ओळखीचा नव्हता. तिहोमिर सवयीप्रमाणे खोलीकडे पाठ करून बसला. यजमानाने भिंतीकडे तोंड करायचं आणि पाहुण्यांना खोलीचा देखावा द्यायचा, हे त्याचंच तत्त्व. तो नव्या लोकांना ते शिकवतही असे. त्याने न बघताच सांगितलं, भाजलेल्या मांसाचं मोठं ताट, कांदा, पाव, आधी आलुबुखाराची राकिया. छोटे प्याले आले. "डोळ्यांत डोळे घालून," तो मोठ्याने म्हणाला, "नाहीतर चालत नाही!" प्याले वाजले. आवाज छतापर्यंत गेला. बिर्गितबाई हसल्या, आणि मग त्यांचं हसू त्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी गेलं आणि तिथेच विरलं. हेंड्रिक हळूच म्हणाला, "ते तिकडचे लोक पितायत, पण प्याले वाजवत नाहीत. असं का?"

तिहोमिरला मागे वळायच्या आधीच कळलं. मानेच्या मागच्या बाजूला, कॉलर आणि केसांच्या मधे, कुणीतरी थंड हात ठेवावा तसं कळलं. तो वळला. आतल्या लांब टेबलाभोवती काळे कपडे. आजच चाळिसावा. मधोमध ताटात उकडलेल्या गोड गव्हाचा ढीग, झितो, वर साखरेचा क्रूस, आणि त्यात खोचलेली पिवळी मेणबत्ती. मेणबत्तीपलीकडे देसांका. ती त्याच्याकडेच बघत होती. नुकतीच नव्हे, ते दारात हसत शिरले तेव्हापासून बघत असावी, कारण तिच्या नजरेत आश्चर्य कधीच संपून गेलं होतं. ती उठली. काळ्या रुमालात तिचा चेहरा लहान झाला होता. खुर्च्यांमधून वाट काढत ती त्यांच्या टेबलापाशी आली.

"आलास, कूम," ती म्हणाली.

दोनच शब्द. आणि त्या दोन शब्दांत एक दार होतं, उघडं. आत शिरला तर खोटं, न शिरला तर त्याहून वाईट. देसा, मी जेवायला आलोय, मला माहीत नव्हतं, हे वाक्य त्याच्या घशापर्यंत आलं. राकियाची धग तिथेच होती. त्या धगीत ते वाक्य जळून गेलं. "आलो, देसा," तो म्हणाला. मांडीवरचा रुमाल खाली पडला, तो त्याने उचलला नाही. पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाला, "ओळखीचे लोक आहेत. एकच मिनिट." ओळखीचे लोक. ते शब्द देसांकाला कळले नाहीत, याचंही त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. लाजेवर लाज अशी चढत गेली, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी.

टेबलावर त्याला जागा करून दिली गेली. ग्रादिमिरचा भाऊ ओब्राद थोडा सरकला. पेर्सिदाआत्या, ग्रादिमिरची आत्या, वाळलेल्या नासपतीसारखी, तिने त्याला टायपासून बुटापर्यंत न्याहाळलं. टाय लाल होता.

"लग्नाला निघाला होतास का रे?"

"कामावरून आलो, आत्या."

"शनिवारचं?"

"आत्या," देसांका म्हणाली.

"मी काय म्हटलं? रंग चांगलाय. ग्रादिमिरला लाल आवडायचा. त्याने बघितला असता तर डोळे दिपून मेला असता. तो आधीच मेला, सुटला."

कुणीतरी हसू गिळलं. तिहोमिरने चमचा घेतला, क्रूस केला, झितोचा घास तोंडात घातला. देवाने क्षमा करावी त्याला, तो मृताच्या नावाने पुटपुटला. गहू मऊ होता, अक्रोड आणि जायफळाचा. ओब्रादने त्याच्यापुढे प्याला भरून ठेवला. सगळ्यांनी आपापल्या प्याल्यातले दोन थेंब फरशीवर सांडले, त्यानेही सांडले. आणि मग त्याचा हात, हा त्याचा सौदे पक्के करणारा, वर्षानुवर्षं तेच एक काम शिकलेला हात, आपोआप पुढे झाला, डोळे ओब्रादच्या डोळ्यांना भिडले, आणि प्याला ओब्रादच्या प्याल्यावर जाऊन वाजला.

टिंग. एवढासाच आवाज. सगळ्या टेबलावर चमचे थांबले. मेलेल्याच्या जेवणात प्याले वाजवत नाहीत, हे या शहरात दूधपितं पोरही जाणतं. प्याला वाजवायचा तो जिवंतांच्या आनंदाला. ओब्रादने आपला प्याला मिटल्या मुठीत झाकला, जणू त्याला थंडी वाजत होती. तिहोमिरला वाटलं, आता कुणीतरी बोलावं, आत्याने तरी. आणि नेमका तेव्हाच वाढपी स्वयंपाकघरातून आला, दोन्ही हातांत धुरकट वाफेचं मोठं ताट घेऊन, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, तुमचं मटणाचं ताट! तुमच्या टेबलावर ठेवू, का इथे आणू?"

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते, मांस वर्ज्य. लांब टेबलावर घेवडा होता, तळलेला मासा होता, लोणच्यातली मिरची होती. मांसाचा वास मेणबत्तीच्या वासावर येऊन बसला. पेर्सिदाआत्या सावकाश म्हणाली, "हं. म्हणजे कामावरूनच." तिहोमिरच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. लहानपणी शाळेत खोटं पकडलं गेलं की असं होई, आधी कान. त्याला वाटलं उठावं, कोट घ्यावा, चढ उतरून थेट नदीपर्यंत जावं आणि पूल ओलांडून कधी परत न यावं. पण देसांका पाहुण्यांकडे बघत होती. ते दोघं हात मांडीवर ठेवून अवघडून बसले होते, ताटाला हात न लावता.

"त्यांनाही बोलाव," ती म्हणाली. "उपाशी का बसलेत?"

"देसा, ते परदेशी आहेत. त्यांना यातलं काही कळणार नाही."

"जेवायला काय कळावं लागतं?"

मग ते आले. बिर्गितबाईंनी काय आहे ते मेणबत्तीवरून ओळखलं असावं. त्यांनी गळ्यातला रंगीत रुमाल काढून पिशवीत ठेवला आणि बाकाच्या टोकाला बसल्या. मांसाचं ताट वाढप्याने दुसऱ्या ताटाने झाकून परत नेलं. देसांकाने दोघांना झितो दिला. बिर्गितबाईंनी चमचा भरून खाल्ला, डोळे मिटले, आणि मग तिहोमिरला विचारलं, "आम्हाला फार वाईट वाटतंय, असं त्यांना सांगा. आणि विचाराल का, ते कसे होते?"

त्याने सांगितलं. देसांकाने हात पुसले. बोलताना ती तिहोमिरकडे बघत नव्हती, त्या परक्या बाईकडे बघत होती, आणि म्हणूनच बहुधा ती बोलू शकली. "सांग तिला, खादाड होता. बाकी काय सांगू. ट्राम चालवायचा आणि थांब्याथांब्यावर काय शिजतंय ते नाकाने सांगायचा. शेवटी घशातून पाणी जाईना, तर दिवसभर खाण्याचंच बोलायचा. झेमुनला, नदीकाठी, एका फळ्यांच्या खोपटात यांनी दोघांनी कधीतरी माशाचं सार खाल्लं होतं, तरुणपणी. तेच धरून बसला. देसा, ते खोपटं अजून असेल का? तिथल्यासारखं सार कुठे मिळेल? मला कुठलं माहीत! म्हणाला, तिहोमिरला विचारू, साऱ्या बेलग्रेडच्या चुली त्याला ठाऊक. आणि फोन लावला. आवाज निघत नव्हता, तर मी कानाशी धरला. वाजला, वाजला, बंद झाला. मी चिडले. तर मलाच म्हणतो, चिडू नकोस, तो कुणाला तरी जेवू घालत असेल."

तेव्हा तिहोमिरला ते आठवलं. पांढरंशुभ्र कापड, वाइनच्या प्याल्याशेजारी थरथरणारा फोन, पडद्यावर ग्रादिमिरचं नाव. तो एक शब्दसुद्धा न अडखळता बोलत राहिला होता, आणि बोलता बोलताच त्याने फोन उपडा करून ठेवला होता. फोन उपडा पडूनही काही वेळ थरथरत राहिला, पाठीवर पडलेल्या भुंग्यासारखा, आणि मग निपचित झाला. कापडावर त्याची बारीक चुणी उमटली होती. तीसुद्धा त्याने बोटाने सारखी केली होती.

"काय म्हणाल्या त्या?" बिर्गितबाईंनी विचारलं.

"म्हणाल्या, तो ट्राम चालवायचा. चांगला माणूस होता. त्याला मासे आवडायचे."

बिर्गितबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग देसांकाकडे. "पण त्या तर बराच वेळ बोलत होत्या."

देसांकाला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. "सगळं सांगितलंस?"

"नाही."

"मग सांग."

तेव्हा त्याने सांगितलं. चवी, रंग, काठ आणि किमती यांच्यासाठीच वापरलेल्या त्या भाषेत सांगितलं. घसा, फोन, वाजला आणि बंद झाला. कुणाला तरी जेवू घालत असेल. त्या भाषेत लपायला कोपरे नव्हते. त्याला तिच्यातले मोजकेच शब्द येत, आणि ते सगळे उजेडातले होते. फोन ज्याने उचलला नाही तो मीच, हेही सांगितलं. उपडा ठेवला हे सांगितलं, जे देसांकालाही माहीत नव्हतं. हेंड्रिक टेबलाकडे बघत राहिला. बिर्गितबाईंनी पावाची टोपली त्याच्या बाजूला सरकवली, आणि त्या साध्या सरकवण्याने त्याला रडू येईल की काय असं झालं. पण आलं नाही. रडायचा हक्कसुद्धा कुठेतरी मागे राहून गेला होता.

देसांका स्वयंपाकघरात गेली आणि खोलगट पातेलं घेऊन आली. "ही चूल आज मालकाने मला दिली," ती म्हणाली. तिने सार वाढलं, आधी पाहुण्यांना, मग ओब्रादला, आत्याला, सर्वात शेवटी त्याला. "मी अंदाजाने केलंय. तो सांगायचा आणि मी ऐकायचे, मी काही तिथे कधी गेले नव्हते. लाल हवं म्हणायचा, पण जाळ नको. आंबट हवं, पण लिंबाचं नव्हे. आता ते खाल्लेला तू एकटाच उरलास. खाऊन सांग, तसं झालंय का?"

सगळे त्याच्या चमच्याकडे बघत होते, आत्यासुद्धा. तिहोमिरने पहिला घोट घेतला. जीभ तयारच होती, शिकारी कुत्र्यासारखी लगेच धावली: कार्प, थोडा कॅटफिश, टोमॅटो उकळून आटवलेला, तमालपत्र, गोड मिरचीची पूड जरा उशिरा टाकलेली. जिभेने सगळं सांगितलं. पण ती विचारत होती ते जिभेकडे नव्हतं. त्याने आत शोधलं. फळ्यांचं खोपटं होतं. ओली पँट होती, होडीतून उतरताना भिजलेली. पाण्यावरून येणारा चिखलाचा वास होता. आणि समोर तरुण ग्रादिमिर, चमच्यावर फुंकर घालणारा, गाल फुगवून, अगदी मन लावून, जणू मेणबत्ती विझू नये इतक्या हळुवारपणे. पण त्या चमच्यात काय होतं? जिथे ती चव असायला हवी तिथे काही नव्हतं. तिच्यावर किती टेबलं रचली गेली होती, किती ताटं, किती वा वा. तळाशी हात पोचत नव्हता.

सांगणं सोपं होतं. अगदी तसंच, देसा. त्याच्या तोंडात ते वाक्य तयार होतं, गुळगुळीत, आयुष्यभर वापरलेलं. अगदी घरच्यासारखं, अगदी आजीच्या हातचं, अगदी तसंच. ती ऐकून समाधानाने झोपली असती. आज तिला ते द्यावं की, असंही त्याला वाटलं, एवढंच तर मागतेय. त्याने वर पाहिलं. देसांका हातात पळी घेऊन उभी होती. तिच्या हाताला मिरचीचा लाल रंग लागला होता.

"देसा," तो म्हणाला, "मला आठवत नाही."

पेर्सिदाआत्याने काहीतरी बोलायला श्वास घेतला. देसांकाने नुसती मान हलवली आणि तो श्वास तसाच राहिला. मग तिने पळी पातेल्यात तळापर्यंत बुडवली, माशाचा मोठा तुकडा शोधून वर काढला, आणि त्याचा वाडगा काठोकाठ भरला.

"मग नीट जेव," ती म्हणाली. "आणि आठवेपर्यंत उठू नकोस."